डोंगरपट्ट्यातली शेती तालुक्याच्या सरासरीत बसत नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

खरीप आला की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचा एक कागद तयार होतो. एक पर्जन्यमान, एक पेरणीक्षेत्र, बियाण्याची एक मागणी. त्या कागदावर कणकुंबी आणि इटगी एकमेकांच्या शेजारी बसतात. शिवारात मात्र त्यांचा काही संबंध नाही. कणकुंबीला भरल्या पावसाळ्यात चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, खानापूर शहरात त्याच्या निम्म्याहूनही कमी आणि बिडी, इटगी, पारिश्वाडच्या रानात त्याहून पुष्कळ कमी. सरासरी काढली की पश्चिमेचा अतिपाऊस आणि पूर्वेची ओढ, दोन्ही एकाच आकड्यात गडप होतात. मग बियाणं कधी आणायचं, बांधबंदिस्तीची कामं कधी काढायची, पंचनामे कधी करायचे, हे सगळं त्या आकड्यावरून ठरतं. हे पत्र जांबोटी, कणकुंबी, हेम्माडगा, गुंजी, लोंढा या डोंगरपट्ट्यातल्या शेतीबद्दल आहे. या पट्ट्याचं वेळापत्रक वेगळं आहे आणि सरकारी कामं त्या वेळापत्रकानं व्हावीत, एवढीच मागणी आहे. ती का, हे कामाच्या तपशिलावरूनच कळेल.

सुरुवात भातापासून. आपल्याकडे धूळवाफ पेरणी होते, ती रोहिणी नक्षत्रात, म्हणजे २५ मेपासून मृग निघेपर्यंत. वळवाचे एक-दोन पाऊस झाले, ढेकळं फुटली, की कुरीनं एकरी २५ ते ३० किलो बी पेरायचं. बी दोन बोटांपेक्षा खोल जाऊ द्यायचं नाही. सगळा खेळ असा असतो की संततधार लागण्याआधी रोप चार पानांवर यायला हवं. एकदा आर्द्राचा पाऊस बसला की वाफसाच येत नाही, कुरी चालत नाही, आणि चिखलात पडलेलं बी हवेअभावी कुजतं. म्हणून बियाणं जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात आलं तर बिडीच्या शेतकऱ्याला ते वेळेवर मिळालं, पण कणकुंबीच्या शेतकऱ्याचा हंगाम तोवर निघून गेला.

मग उरते ती नट्टी, म्हणजे रोपलावणी. तरवा (रोपं) टाकायचा, पंचवीस-तीस दिवस सांभाळायचा, चिखलणी करायची आणि एकरी बारा-पंधरा बायका लावून लावणी उरकायची. मजूर मिळाले तर ठीक. गोव्याच्या आणि बेळगावच्या कामांवर गेलेली माणसं नट्टीसाठी परततातच असं नाही. लावणी लांबली आणि तरवा पस्तीस दिवसांच्या पुढे गेला की फुटवे कमी धरतात. नुकसान तिथूनच सुरू होतं. पेरणीपेक्षा नट्टीचा खर्च किती वाढतो, ते ज्याच्या घरी मजुरी द्यायची आहे त्याला विचारावं.

वाणाचंही तेच. डोंगरपट्ट्यात इंटान, अभिलाष यांसारखे दीडशे दिवसांच्या घरातले गरवे वाण टिकतात, कारण ते ऑक्टोबरच्या उघडिपीत निसवतात. लवकर येणारा हळवा वाण सप्टेंबरच्या सरीतच फुलोऱ्यात येतो, परागकण धुऊन जातात आणि पळंज (पोकळ दाणा) वाढतं. पूर्वेला चालतो म्हणून तोच हळवा वाण पश्चिमेला पाठवला तर पोतं भरून गवत आणि मूठभर दाणा हाती येतो. बियाण्याची मागणी तालुक्याची न धरता होबळीवार (होबळी म्हणजे तालुक्यातला महसुली गट) धरली तर हे टळेल.

खताबाबत थोडक्यात. इथली तांबडी माती जांभ्यातून झालेली आणि आम्लधर्मी आहे. तिच्यात टाकलेलं स्फुरद लोह आणि अ‍ॅल्युमिनियमशी बांधलं जातं आणि मुळांना मिळत नाही. पेरणीच्या तीन-चार आठवडे आधी एकरी दोनशे किलो चुना मातीत मिसळला तर फरक दिसतो. तोही माती परीक्षणाचा अहवाल हातात असेल तरच. युरिया एकदम टाकणं तर पैसे ओहोळात सोडणं आहे. तो तीन हप्त्यांत विभागावा, उघडीप पाहून टाकावा, आणि आधी वाफ्यातलं जादा पाणी काढून मग टाकावा. जोराच्या सरीआधी टाकलेला युरिया खालच्या शेतकऱ्याच्या भातालाही मिळत नाही, सरळ नदीला जातो. शिवाय रिमझिम पाऊस, ढगाळ हवा आणि नत्राचा जादा हप्ता एकत्र आले की करपा आलाच म्हणून समजावं. पानावर दोन्ही टोकांना निमुळते, मध्ये राखाडी ठिपके दिसले की युरियाचा पुढचा हप्ता थांबवायचा आणि ट्रायसायक्लॅझोल ७५ टक्के पावडर लिटरला ०.६ ग्रॅम या प्रमाणात फवारायची. लोंबीच्या मानेवर करपा उतरल्यावर फवारून उपयोग नसतो.

आता बांध. उताराच्या शेतीत खरी मालमत्ता बांध आहे, पीक नंतर. पायऱ्यापायऱ्यांच्या वाफ्यांत वरचा एक बांध गेला की खालचे एकामागून एक जातात आणि शेवटच्या वाफ्यावर हातभर गाळ बसतो. बांध फुटण्याचं कारण बहुतेक वेळा पूर नसतो, खेकड्याचं बीळ असतं. खेकडा पाण्याच्या पातळीला भोक पाडतो, पाणी त्यातून पाझरू लागतं, माती आतून वाहून जाते आणि एके रात्री बांधाला भगदाड पडतं. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की आणि नंतर आर्द्रा-पुनर्वसूत प्रत्येक सरीनंतर बांधावरून फिरून हे पाहावं लागतं. खालच्या अंगाला जिथून गढूळ पाणी ठिबकतं, तिथे बीळ आहे. खालून गवताचा बोळा कोंबून पाणी थांबल्यासारखं वाटतं, पण आत पोकळी राहते. बीळ वरच्या, म्हणजे पाण्याच्या बाजूनं उकरायचं, पूर्ण उघडं करायचं आणि ओली चिकण माती थरथरानं घालून पायानं दाबत वर यायचं. पाणी काढून द्यायची वाट प्रत्येक वाफ्याला एकाच रेषेत ठेवू नये. एका वाफ्याला उजवीकडे, तर त्याच्या खालच्याला डावीकडे. पाण्याचा वेग मोडतो. जिथे पाणी पडतं तिथे सपाट दगड हवा, नाहीतर महिन्याभरात तिथे डोह होतो.

रोजगार हमीतून बांधबंदिस्तीची कामं घेता येतात, ही चांगली गोष्ट आहे. अडचण त्यांच्या महिन्याची आहे. आर्थिक वर्ष मार्चला संपतं म्हणून काम फेब्रुवारी-मार्चच्या शेवटाला काढलं तर माती कोरडी ठणठणीत असते. कोरड्या मातीचा बांध कितीही चोपला तरी बसत नाही. वरून आकार दिसतो, आत ढेकळांमध्ये पोकळ्या राहतात, आणि मृगाच्या पहिल्या पावसात तो खचतो. भात निघाल्यावर डिसेंबरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत जमिनीत ओल असते. तेव्हा घातलेला बांध दाबून बसतो आणि पावसापर्यंत त्यावर गवतही धरतं. ते गवत खुरपून बांध स्वच्छ करण्याची सवय सोडली पाहिजे. त्या मुळ्यांनीच बांध धरलेला असतो. पंचायतीचा कृती आराखडा नोव्हेंबरमध्ये मंजूर होऊन मजुरांची हजेरी डिसेंबरमध्ये सुरू झाली, तर तेवढ्याच पैशात दुप्पट टिकणारं काम होईल.

बांधाच्या वरच्या माळावर, जिथे पाणी थांबत नाही, तिथे नाचणा आणि रताळी. रताळ्यांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात आणि जांबोटीच्या बाजूला हेच रोख पैशाचं पीक आहे. नवरात्र, एकादशीच्या सुमारास बेळगावच्या मार्केट यार्डातून रताळी परराज्यांतही जातात. त्यामुळे भाव मिळतो तो वेळ साधणाऱ्याला. वेल जून-जुलैत लावायचा, सऱ्यांमध्ये दोन फूट आणि दोन वेलांत सात-आठ इंच अंतर. या हिशेबानं एकरी तीस हजारांवर तुकडे लागतात. तुकडा वेलाच्या शेंड्याकडचा, वीतभर लांब, तीन-चार डोळ्यांचा असावा, आणि त्यातले दोन डोळे मातीत जावेत. बुडखा वापरला तर उगवण उशिरा होते आणि त्यातून सोंडकिड्याचा भुंगा शेतात येण्याची भीतीही जास्त.

सोंडकिडा हा रताळ्याचा मुख्य शत्रू. तो जमिनीत खोल जाऊ शकत नाही, भेगांतून आत शिरतो. म्हणून लावणीनंतर तिसाव्या आणि साठाव्या दिवशी भर लावणं ही फवारणीपेक्षा मोठी गोष्ट आहे. सप्टेंबरच्या उघडिपीत तांबडी माती तडकते आणि रताळं फुगून सरीला भेग पडते, त्याच वेळी माती ओढून ती बुजवावी लागते. एकदा अळी आत गेली की रताळं कडू होतं, वास येतो, आणि ढिगातल्या एका किडक्यामुळे सगळ्या मालाचा भाव पडतो. दुसरं काम वेल उचलण्याचं. वेल जमिनीला टेकतो तिथे मुळ्या धरतो आणि अन्न तिकडे वाटलं जातं. महिन्यातून एकदा वेल हलकेच उचलून पुन्हा सरीवर ठेवायचा. उलटा पालटून मात्र टाकू नये, पानं दबून पिवळी पडतात. चार महिन्यांच्या पुढे पीक जमिनीत ठेवण्याचा मोह टाळावा. भाव वाढेल या आशेनं ठेवलेली रताळी भुंगा आणि रानडुक्कर वाटून घेतात.

रानडुक्कर म्हटलं की पुढचा विषय आलाच. भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झालं. जंगल राखलं पाहिजे, याबद्दल आमचं दुमत नाही. आमचे ओहोळ त्याच जंगलातून येतात. पण गवे, रानडुकरं आणि दांडेलीकडून येणारे हत्ती जंगलाच्या हद्दीवर थांबत नाहीत. भात दुधात आलं की गवे उतरतात. सौरकुंपणाचं अनुदान मिळतं, कुंपणं उभीही राहतात, आणि दोन पावसाळ्यांत ती नुसती तार होऊन राहतात. कारणं ठरलेली आहेत.

पहिलं कारण अर्थिंग. यंत्राचा झटका तेव्हाच लागतो जेव्हा प्रवाह जनावराच्या पायातून जमिनीत आणि जमिनीतून यंत्राकडे परत जातो. जांभ्याची जमीन जानेवारीनंतर कोरडी पडते आणि प्रवाह जवळजवळ वाहूच देत नाही. अर्थिंगचा एकच दांडा ठोकून भागत नाही. पाच-सहा फुटी गॅल्व्हनाइज्ड दांडे किमान तीन हवेत, एकमेकांपासून दहा फुटांवर आणि शक्य तर ओहोळाकाठच्या ओलीत. उन्हाळ्यात त्यांच्या बुडाला पाणी घालावं लागतं. दुसरं कारण गवत. श्रावणात गवत तारेला टेकलं की प्रवाह गवतातून जमिनीत मुरतो, आणि ६-७ हजार व्होल्टचा झटका २ हजारांवर येतो. गवा तो जुमानत नाही. तारेखालचा हातभर पट्टा पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी कापावाच लागतो. तिसरं कारण उंची. डुकरासाठी खालची तार जमिनीपासून वीतभर, गव्यासाठी वरची चार-साडेचार फुटांवर, आणि मध्ये आणखी दोन-तीन. वर एकच तार ओढली तर डुक्कर खालून जातं. चौथं कारण बॅटरी. तिच्यात डिस्टिल्ड पाणी घालायचं कुणी हे ठरलेलं नसतं, म्हणून ते कुणीच घालत नाही. एकेकट्याचं कुंपण करण्यापेक्षा सलग शिवाराला एकच कुंपण आणि पाळीपाळीनं देखभाल, हाच टिकणारा मार्ग आहे. अनुदान देताना यंत्राबरोबर व्होल्ट मोजायचं साधं मीटर आणि मराठी-कन्नड दोन्ही भाषांत देखभालीचं एक पान दिलं, तर अर्धी कुंपणं वाचतील.

आणि एक गोष्ट ठामपणे: वीज कंपनीच्या खांबावरून थेट तारेत करंट सोडणं हा गुन्हा आहे आणि जीवघेणा प्रकार आहे. त्यात हत्ती मरतो, शेजारचं वासरू मरतं, पहाटे पाणी बघायला गेलेला माणूसही मरतो. सौरकुंपणाचा झटका क्षणभराचा असतो म्हणून जनावर पळतं. थेट करंट सुटू देत नाही.

नुकसानभरपाईच्या अर्जाबाबत दोन अनुभवाच्या गोष्टी. पीक उभं असतानाच फोटो काढावेत, पायांचे ठसे आणि शेताची खूण एकाच चौकटीत यावी. आणि उतारा आपल्या नावावर आहे का, ते आधी पाहावं. आजोबांच्या नावावरचा उतारा, वारसनोंद नाही, वाटणी तोंडी, या एका कारणानं अनेक खरे अर्ज अडकतात. वारसनोंदीचं काम पावसाळ्यानंतर गावातच शिबिर घेऊन उरकता येईल. अर्ज कन्नडमध्ये असतो, त्यामुळे रकाने चुकतात. भरलेल्या अर्जाचा मराठी नमुना पंचायतीच्या फलकावर लावणं अवघड नाही.

पीकविम्याचंही असंच. खरिपाला विमा रकमेच्या २ टक्के हप्ता शेतकऱ्यानं भरायचा असतो. कापून शेतात पसरलेल्या भाताला अवकाळी पावसापासून १४ दिवसांपर्यंत संरक्षण आहे, पण नुकसान ७२ तासांत कळवावं लागतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला पाऊस डोंगरपट्ट्यात हमखास कापणीत गाठतो. जिथे मोबाईलला रेंज नाही आणि ओढ्यावर साकव नाही, तिथे ७२ तासांतले पहिले ४८ तास रस्त्यावर येण्यातच जातात. ग्रामपंचायतीत लेखी दिलेली सूचना तारीख-वेळेसह ग्राह्य धरली, तर हा प्रश्न सुटतो.

शेवटचा विषय पाण्याचा, आणि तो सगळ्यात तातडीचा आहे. एवढा पाऊस पडूनही फेब्रुवारी-मार्चमध्ये या पट्ट्यातल्या वाड्या पाण्याला वणवण फिरतात. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, तिचं पाणी साठतं सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणात. म्हादई भीमगडच्या रानातून गोव्याला जाते. तिच्या पाण्याचा निवाडा लवादानं १४ ऑगस्ट २०१८ रोजी दिला, कर्नाटकच्या वाट्याला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) आलं, आणि तेव्हापासून म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवण्याच्या कळसा-भांडुरा योजनेबद्दल बोलणं थांबलेलं नाही. त्या बोलण्यात उगमाजवळच्या गावांना उन्हाळ्यात काय, हा प्रश्न क्वचितच येतो. जांभा भेगाळ असतो, पाणी झपाट्यानं आत घेतो आणि तितक्याच झपाट्यानं उतारावरून सोडून देतो. म्हणून इथे मोठ्या तळ्यापेक्षा ओहोळावरचे पुष्कळ लहान बंधारे उपयोगी पडतात.

पोत्यांचा बंधारा कमी खर्चाचा आहे, पण तो घालायची वेळ महिन्याभराचीच असते. ऑक्टोबरच्या अखेरीस, पाऊस सरल्यावर, ओहोळ गुडघ्याखाली येतो आणि पाणी नितळ होतं तेव्हा. आधी घातला तर परतीच्या पावसात वाहून जातो. डिसेंबरमध्ये घातला तर अडवायला पाणीच उरलेलं नसतं. जागा निवडताना काठ दोन्हीकडे पक्के आणि पात्र अरुंद हवं, आणि वरच्या अंगाला उतार मंद हवा म्हणजे पाणी लांबवर तुंबतं. तळाला उघडी भेगाळ जांभ्याची फरशी असेल तर ती जागा सोडावी, पाणी खालून निघून जातं. पात्र सहा मीटर रुंद आणि बंधारा मीटरभर उंच धरला, तर सिमेंटची रिकामी पोती अडीचशे-तीनशे लागतात. पंधरा-वीस माणसांचं एका दिवसाचं काम आहे.

पोतं पूर्ण भरू नये, पाऊण भरून सुतळीनं शिवावं, म्हणजे ते शेजारच्या पोत्याला चिकटून बसतं. नुसती वाळू भरली तर पाणी आरपार जातं, म्हणून वाळूत माती मिसळावी. तळाची रुंदी दीड-दोन मीटर आणि माथ्याची दोन फूट. वीटकामासारखे सांधे चुकवत थर चढवायचे. वरच्या अंगाला चिकण मातीचा लेप द्यायचा. मधोमध वीतभर खोल सांडवा ठेवायचा, नाहीतर जादा पाणी काठाला लागून काठ पोखरतं आणि बंधारा जागेवर असून ओहोळ बाजूनं निघून जातो. मे महिन्याच्या शेवटी मधली पोती काढायची. हे काम विसरलं तर पहिल्याच पुरात ओहोळ शेजारच्या शेतात वळतो. असा बंधारा असलेल्या ओहोळाकाठी भातानंतर मसूर, वाटाणा, कुळीथ निघतात आणि खालच्या विहिरींचं पाणी महिना-दीड महिना जास्त टिकतं.

यासाठी वेगळी योजना नको, वेगळा निधीही फारसा नको. तालुका पंचायतीनं रिकामी पोती आणि सुतळी २० ऑक्टोबरपर्यंत डोंगरपट्ट्यातल्या ग्रामपंचायतींना पोचवावी, आणि वनहद्दीतल्या ओहोळांवर पोत्यांचे तात्पुरते बंधारे घालण्याची परवानगी वनखात्यानं प्रत्येक गावाकडून वेगवेगळा अर्ज न मागता एकदाच द्यावी. बियाणं २० मेपर्यंत होबळीत यावं. बांधबंदिस्तीची हजेरी डिसेंबरमध्ये सुरू व्हावी. आणि पावसाचा आकडा तालुक्याचा धरू नये. राज्य नैसर्गिक आपत्ती निगराणी केंद्राचे स्वयंचलित पर्जन्यमापक ग्रामपंचायत पातळीवर बसवलेले आहेत, त्यांची रोजची नोंद होते. दुष्काळ, अतिवृष्टी आणि पंचनाम्यांचे निर्णय त्याच नोंदींवरून घ्यावेत, आणि ते आकडे आठवड्याला एकदा आपल्या दैनिकातही गाववार छापून यावेत, ही विनंती.

आपले,
खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातील शेतकरी